तास मिळवलास ना?

२७ एप्रिल, रविवार

नवी वही, नवा संकल्प. सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्या स्वान्सी शहराच्या आसपासची प्रत्येक पायवाट चालून काढायची. नकाशावर तुटक हिरव्या रेषांनी दाखवलेल्या एकूण दोनशे अकरा आहेत. दोनदा मोजल्या. आठवड्याला दहा पडतात. सहज जमेल.

बाबांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते बरोबर येतील, आणि आले की रस्ता तेच दाखवतील. अकराव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, आणि मास्तर म्हणजे बाबा. बंदराच्या कचेरीतून, भरती-ओहोटीचे तक्ते लिहून ते तीन वाजता घरी यायचे आणि माझी वही तपासायला बसायचे. आता मी चोवीस वर्षांची आहे. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. वेगळी खोली घेऊन राहते, आईबाबांपासून पूर्ण चार गल्ल्या लांब.

३ मे, शनिवार

क्लाइनच्या दरीतली वाट. सोपी, घराजवळची. बसस्टॉपवर लक्षात आलं की शिट्टी राहिली. संकटात सापडल्यास मिनिटाला सहा शिट्ट्या वाजवायच्या असतात. परत आले. शिट्टी सापडेपर्यंत पाऊस सुरू झाला. मला पावसाचं काही नाही, पण नकाशा भिजला असता.

संध्याकाळी नकाशाला प्लास्टिकचं कव्हर आणलं. या आठवड्यात पायवाटा शून्य, पण पाया भक्कम झाला.

११ मे, रविवार

फेअरवुडचं कुरण. फाटकापलीकडे सात गाई, वाटेतच बसलेल्या. गुरांना त्रास देऊ नये असं नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. पन्नास मिनिटं थांबले. एक गाय उठली. तिच्या जागी दुसरी येऊन बसली.

एक बाई कुत्रा घेऊन आल्या आणि सरळ गाईंमधून निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "अगं, त्या काही करत नाहीत." मी म्हटलं, मीही काही करत नाहीये. ते खरंच होतं.

फाटकापर्यंतची वाट अर्धी धरली आहे. एकूण: अर्धी.

१८ मे, रविवार

मोठा दिवस! एका शेतात फाटक उघडं होतं. नियम असा की फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं. पण सवयीने माझ्या हातून ते लावलं गेलं. दीड मैल गेल्यावर आठवलं. परत जाऊन उघडलं. पुन्हा दीड मैल गेले, तेव्हा शंका आली, सापडलं तेव्हा ते पूर्ण उघडं होतं की अर्धं? परत गेले.

तिथे शेतकरी ट्रॅक्टरवर बसून माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "बाई, तुम्हाला फाटकावर नोकरीला कोणी ठेवलं? मी तर नाही ठेवलं." मी विचारलं, किती उघडं होतं? तो म्हणाला, "मेंढ्या जातील इतकं." मेंढीच्या रुंदीची नोंद माझ्याकडे नाही. अंदाजाने ठेवलं.

एकूण सहा मैल. माझा विक्रम. वाट एकच होती, पण चारदा चालले, तेव्हा चार धरायला हरकत नाही. एकूण: साडेचार.

२२ मे, गुरुवार

'शनिवार भटके' मंडळाची सभा, चॅपलच्या मागच्या खोलीत. मी मार्चपासून सदस्य आहे. आतापर्यंत मंडळाबरोबर एकदाही चालायला गेलेले नाही, पण सभांना शंभर टक्के हजेरी.

१४ जूनच्या सहलीचा वाटाड्या घोट्याला प्लास्टर घालून घरी पडलाय. त्याच्याऐवजी कोण, असं चिटणीस मिसेस बेनन यांनी विचारलं. त्याच वेळी मी हात वर केला होता, मागच्या इतिवृत्तातली तारीख चुकली आहे हे सांगायला. मिसेस बेनननी माझं नाव लिहून टाकलं. दुरुस्ती सांगावी की नाही याचा विचार करेपर्यंत टाळ्या झाल्या. मग मला वाटलं, हे असंच व्हायचं होतं.

मिसेस बेनन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं एलेरी, हे नीट पार पाडलंस ना, तर समितीपुढे तुझं नाव ठेवते. कायमची वाटाड्या म्हणून."

घरी येताना चार वेळा स्वतःशी म्हणून बघितलं. कायमची वाटाड्या. बाबांनी आधी तपासून न दिलेली ही माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट. ती तशीच राहिली पाहिजे.

ठिकाण: रॉसिली गावाच्या टोकाशी असलेलं वर्म्स हेड. पाणी सर्वांत खाली जातं ती ओहोटीची वेळ; तिच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास खडकांवरून चालत जाता येतं. एरवी ते बेट असतं.

२ जून, सोमवार

यंदाचा नवा भरती-ओहोटीचा तक्ता आणला. वरच्या बाजूला, तारखांच्या माथ्यावर, क्लिपने बाबांचं कार्ड लावलं. हे लॅमिनेट केलेलं कार्ड त्यांनी मला पाचव्या वाढदिवसाला दिलं होतं. त्यावर त्यांच्या अक्षरात: 'मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळव.' तक्ते हिवाळी वेळेने लिहितात आणि उन्हाळ्यात आपली घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून. इतर मुलं दोन सफरचंदं आणि तीन सफरचंदं मिळवत होती तेव्हा मी ओहोटीत तास मिळवत होते.

१४ जून, ओहोटी ११.४०. एक तास मिळवला. १२.४०. म्हणजे वाट १०.१० ते ३.१० उघडी.

कार्यक्रमपत्रिका टाइप करायला घेतली. अक्षराचा आकार ठरवण्यात संध्याकाळ गेली.

७ जून, शनिवार

मंडळाचा नियम: सहलीआधी पंधरा दिवसांच्या आत वाटाड्याने मार्ग स्वतः तपासायचा. आज जायचं होतं. भुरभुर पाऊस. शिवाय नव्या बुटांनी टाच सोलली आहे (बूट घरात घालून सराव चालू आहे). शेवटी नकाशा पलंगावर पसरला आणि पूर्ण मार्ग लोकरीच्या धाग्याने मोजला. वळणावळणासकट. प्रत्यक्ष चालताना इतकं बारकाईने बघणं होत नाही.

फॉर्मवर प्रश्न होता, 'मार्ग तपासला का?' 'हो' लिहिलं. मग झोप येईना. उठून पुढे बारीक अक्षरात 'लोकरीने' असं लिहिलं. मन शांत झालं.

१२ जून, गुरुवार

बाबांना कळलं. मिसेस बेनन आईला बाजारात भेटल्या. बाबांचा फोन. मला वाटलं बरोबर येतो म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "तास मिळवलास ना?"

मी म्हटलं, हो बाबा.

"नक्की?"

नक्की.

"मग ठीक. परत आलीस की सहाला फोन कर."

फोन ठेवल्यावर शंका आली. खरंच मिळवला होता का? की मिळवायचा आहे असा फक्त विचार केला होता? तक्ता दवाखान्यात राहिला होता. पत्रिकेच्या मसुद्यावर १२.४० लिहिलेलं दिसलं, पण ते मिळवून की मिळवण्याआधीचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी सुरक्षित बाजूला राहावं. एक तास मिळवला. ओहोटी १.४०. वाट ११.१० ते ४.१० उघडी. पत्रिका छापल्या. बारा प्रती.

आता निर्धास्त.

१३ जून, शुक्रवार

पिशवी: शिट्ट्या तीन, नकाशे दोन, बँडेज, होकायंत्र, तक्ता (कार्डासह), सँडविच. शब्दांची तयारी: 'मंडळी, इकडून' आणि 'मंडळी, सावकाश'. दवाखान्यात पेशंटला तपासणीच्या आठवणीचे फोन करताना दोन्हीचा सराव केला.

१४ जून, शनिवार

सकाळी १०.५०. रॉसिलीत पोहोचलो. माझ्यासकट बारा जण. सगळे माझ्यापेक्षा मोठे. सर्वांत वयस्क मिस्टर टकर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्म इथलाच. ते बसने आले नाहीत, घरून चालत आले. सर्वांत जास्त बोलणारा केरिथ, बसड्रायव्हर, आज सुट्टीवर. त्याने पत्रिका वाचून विचारलं, "यात जेवण साडेबाराला लिहिलंय, आणि 'निसर्गाचा आनंद' साडेबारा ते साडेतीन. निसर्गाला तीन तास? जेवणाला पण द्या की." मी म्हटलं, नंतर बघू. अधिकारवाणीने.

१०.५५. किनाऱ्यावरच्या टेहळणी केंद्राबाहेर फळा आहे. त्यावर लिहिलंय: 'आज सुरक्षित वेळ ९.१० ते २.१०.'

धक्काच बसला. पूर्ण दोन तासांची चूक. पण लगेच उलगडा झाला. त्यांनी एक तास मिळवण्याऐवजी वजा केला! ही चूक मी पाच वर्षांची असताना करायचे. लोकांच्या जिवाशी खेळ आहे. केंद्र उघडंच होतं, पण आतला माणूस दुर्बिणीत गुंतलेला दिसला. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकली. नम्र भाषेत. हिशेब मांडून दाखवला. खाली नाव आणि फोन नंबर, काही शंका असल्यास.

११.०५. खडकांच्या काठाशी. वाट कोरडी ठणठणीत, पण वेळ व्हायला पाच मिनिटं बाकी. सगळ्यांना थांबवलं. मिस्टर टकर म्हणाले, "पोरी, कुणाची वाट बघतोय आपण?"

मी म्हटलं, ओहोटीची.

त्यांनी समुद्राकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ती आली, आणि आता जायची तयारी करतेय. फळ्यावर दोन दहा लिहिलंय."

मी त्यांना फळ्याची चूक समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बरं. माझा गुडघा दुखतोय. मी इथेच बसतो. दीड वाजता टोपी हलवीन, तेव्हा निघा." मी मान हलवली. वयाचा मान ठेवला पाहिजे. गुडघ्याचं वाईट वाटलं. सकाळी पाच मैल चालून आले तेव्हा दुखताना दिसला नव्हता.

११.१०. प्रस्थान. 'मंडळी, इकडून.'

दुपारी १२.३०. चाळीस मिनिटांतच पोहोचलो होतो, आता जेवण. गवत, वारा, खाली खडकांवर पहुडलेले सील प्राणी. पक्ष्यांची पिल्लं आहेत म्हणून टोकाच्या डोंगरावर जायला बंदी. एकाला तिकडे जाताना शिट्टी वाजवून परत बोलावलं. दुसऱ्या शिट्टीची गरज पडली नाही.

मिसेस बेनननी तव्यावरचे केक वाटले. माझ्या हातात दोन ठेवून म्हणाल्या, "छान चाललंय हं."

१.३०. मिस्टर टकर किनाऱ्यावरून टोपी हलवतायत. केरिथ म्हणाला, "चला, म्हातारबाबा बोलावतायत." सगळे उठायला लागले. मी पत्रिका काढली. म्हटलं, अजून दोन तास चाळीस मिनिटं आहेत. एखाद्याच्या टोपीवरून सहल चालत नाही.

सगळे खाली बसले.

माझ्या एका शब्दावर दहा मोठी माणसं खाली बसली. असं कधी झालं नव्हतं. ही भावना लिहून ठेवतेय, पुढे उपयोगी पडेल.

१.४५. ते अजून हलवतायत. आम्हीही सगळ्यांनी हलवल्या. फार प्रेमळ माणूस.

२.२५. वाटेवर थोडं पाणी. मंडळींना सांगितलं, तात्पुरतं आहे.

२.४०. वाट कुठे होती ते आता सांगता येत नाही. केरिथने विचारलं, "एलेरीबाई, ओहोटीचं पाणी असं वर वर येतं का हो?" मी पत्रिका पाहिली. पत्रिकेप्रमाणे समुद्र एक तासापूर्वी सर्वांत खाली होता. समुद्राने तसं केलेलं दिसत नाही.

२.४८. फोन. टेहळणी केंद्रातून. "मिस ग्विदर? तुमची चिठ्ठी मिळाली. आभारी आहे. आत्ता तुम्ही मला खिडकीतून दिसताय, निळी टोपी, हातात कागद. बरोबर? आता असं करा, तो कागद घडी करून खिशात ठेवा. वाट रात्री नऊ पस्तीसला उघडेल. तोवर कुणीही पाण्यात पाऊल टाकायचं नाही. कुणाला औषधं वगैरे लागतात का?"

आवाज इतका चांगला होता की मी माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी अडकतं. पण चिठ्ठी लिहून अडकलेल्या तुम्ही पहिल्याच."

३.००. मंडळींना कळवलं. मग केरिथने पत्रिका मागितली, खिशातून पेन काढलं, 'निसर्गाचा आनंद' समोरचं साडेतीन खोडून नऊ पस्तीस लिहिलं, आणि मला परत दिली.

४.३०. उरलेलं अन्न: केक सात, सँडविच पाच, सफरचंद एक. बारा भाग केले. मग आठवलं की मिस्टर टकर इथे नाहीत. पुन्हा अकरा केले. बायकांसाठी डावीकडचा मोठा खडक, पुरुषांसाठी उजवीकडचा. हे पत्रिकेत नव्हतं.

संध्याकाळी ६.००. ठरल्याप्रमाणे बाबांना फोन केला. सांगितलं, सगळे सुखरूप, अजून इथेच आहोत, हवा छान आहे.

बाबा म्हणाले, "अजून तिथेच? आत्ता?" मग, "तास मिळवलास ना?"

मी म्हटलं, हो.

खोटं नव्हतं. पण पूर्णही नव्हतं. म्हटलं, दोनदा.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग मागून आईचा, "अहो, बूट कुठे शोधताय, पलंगाखाली आहेत."

७.१५. थंडी. सगळे एकमेकांना टेकून बसलेत. मिसेस बेनननी माझ्या खांद्यावर त्यांच्या शालीचं अर्धं टोक टाकलं. समितीबद्दल काही म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. समोरच्या खडकावरचा सील तासभर माझ्याकडे बघतोय. इतरांकडे नाही.

९.४०. उजेड आहे अजून. निघालो. 'मंडळी, सावकाश' म्हणायचं होतं. केरिथ पुढे होता. त्यानेच म्हटलं.

१५ जून, रविवार

काल राहिलेलं लिहिते.

पलीकडे मिस्टर टकर उभे होते. त्यांच्या शेजारी बाबा, रेनकोट घालून, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात त्यांचा स्वतःचा तक्ता. मिस्टर टकरनी सगळ्यांना मोजलं, "अकरा," म्हणाले आणि घरी निघाले. गुडघा अगदी ठीक चालत होता.

बाबांनी चहा ओतून दिला. मला वाटलं वही तपासल्यासारखं विचारतील, कुठे चुकलं, का चुकलं. ते समुद्राकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "इतकं लांब आहे होय ते."

मला कळेना. ते म्हणाले, "पस्तीस वर्षं या जागेच्या वेळा लिहिल्या गं. इथे आलो कधीच नव्हतो."

आज तक्त्यावरची क्लिप काढली. कार्डाखाली, अगदी माथ्यावर, ठळक अक्षरात छापलंय: 'वेळा उन्हाळी तास धरूनच दिलेल्या आहेत.' बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, माहीत नाही. "मी निवृत्त झाल्यावर बदललं असेल," म्हणाले. मग, "कार्ड टाकून दे."

टाकलं नाही. वहीत ठेवलंय.

१७ जून, मंगळवार

समितीची सभा. फळ्याबद्दल मी टेहळणी केंद्राला दुसरी चिठ्ठी पाठवली आहे, पहिली मागे घेत असल्याची. दोन्हींच्या प्रती सभेपुढे ठेवल्या. केरिथने पहिली मोठ्याने वाचून दाखवायची परवानगी मागितली. मिळाली. पुष्कळ हसले. मिस्टर टकर हसले नाहीत. म्हणाले, "पोरगीने हिशेब मांडलाय मात्र सुरेख."

माझं नाव पुढे आलं नाही. पण रिकाम्या हाताने आले नाही. मिसेस बेनन म्हणाल्या, "अगं, तू शेवटचा माणूस हो. रांगेच्या सगळ्यात मागे चालायचं, माणसं मोजायची, फाटकं बघायची. तुझ्यासारखं काटेकोर कुणीतरी हवंच होतं."

विचार केला तर हेच खरं जबाबदारीचं पद आहे. पुढच्याला नुसता रस्ता माहीत असावा लागतो. मागच्याशिवाय सहल संपतच नाही. शिवाय मंडळाबरोबर कुठेही गेलं तरी माझ्या मागे कोणी नसेल. कोणी तपासणारं नाही. मला हवं होतं ते हेच.

१९ जून, गुरुवार

बाबांचा फोन. मंडळाचे सदस्य झाले. पहिलीच सहल शनिवारची, सिंगलटन पार्कमधल्या तळ्याभोवती. समुद्र नाही. मी म्हटलं, छान, मिस्टर टकरांबरोबर पुढे चाला.

म्हणाले, "नको, पुढे घाई असते. मी तुझ्या मागे चालेन."

मी समजावून सांगितलं की माझ्या मागे कोणी असायचं नसतं, मी शेवटची आहे.

बाबा म्हणाले, "असशील. पण तू गेल्यावर फाटक नीट लागलंय की नाही, ते कोण बघणार?"